स्प्रिंगची बाजू

४ मार्च

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे ठणठणीत आहेत. आजारी आहे ती गाडी. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी मी ‘तब्येत कशी आहे’ विचारलं आणि तू ‘साडेपाच वाजले’ म्हणालास. तेव्हापासून ठरवलंय, तुझ्या कानांच्या नादी लागायचं नाही.

तर झालं असं. मंगळवारी शाळेच्या नाटकाचे पडदे पोचवायला निघाले. मागे सतरा पडदे, पुढे मी. पुलाच्या चढावर तापमानाची सुई तांबड्यात गेली आणि बॉनेटमधून भसाभस वाफ. गाडी कडेला घेतली आणि पडद्यांना काही होऊ नये म्हणून आधी तेच बाहेर काढून कठड्यावर टाकले. लोकांना वाटलं, बाईने पुलावर दुकान मांडलं. एकाने तर भावही विचारला.

आमच्या गल्लीतला मेकॅनिक आला. वाफेकडे लांबूनच बघून म्हणाला, “बाई, हिला आता निरोप द्या.” एकवीस वर्षं मी हिच्यातून पडदे, गणवेश, उशांचे अभ्रे वाहतेय. माझं शिवणकाम हिच्या चार चाकांवर चालतं. म्हणे निरोप द्या! घरी येऊन आमच्या ग्रंथपालांना सांगून टाकलं, गाडी मीच दुरुस्त करणार. (नवऱ्याला मी आता ग्रंथपालच म्हणते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी घरात ‘शांतता राखा’ चालूच आहे.)

गाडीखाली हिरवट पाण्याचं थारोळं साचतं. पुढून पंधरा दिवस कण्हल्यासारखा आवाज येत होता. मला वाटतं, वॉटर पंप गेलाय. तू चाळीस वर्षं गॅरेज चालवलंस, तुला कळेल. तो घरी बदलता येईल का? म्हणजे मला?

तू काय म्हणशील ते माहितेय. मी चौदा वर्षांची होते तेव्हाही तूच वडिलांचा निरोप आणला होतास, ‘अण्णा म्हणाले, हे मुलींचं काम नाही, उद्यापासून गॅरेजमध्ये येऊ नकोस.’ आता अण्णा नाहीत आणि मी अठ्ठावन्नची झाले. मुलगी म्हणून मला अडवायला कोणी उरलेलं नाही.

तुझी
भिंगरी

९ मार्च

प्रिय भिंगरी,

नको.

उत्तर एका शब्दात संपलं, पण सूनबाईने कोरा कागद समोर ठेवलाय आणि पेनही चालतंय, म्हणून पुढे लिहितो.

हे काम मी शेकडो वेळा केलंय. प्रत्येक वेळी बोटाचं साल निघालंच आहे. तू सुईदोऱ्याची माणूस. एखादा बोल्ट आतल्या आत तुटला तर रडत बसशील, आणि मी इथे सहा तासांच्या अंतरावर, चौथ्या मजल्यावर बसून काय करणार? गाडी चांगल्या गॅरेजमध्ये दे.

मात्र तिथे जाण्याआधी तीन गोष्टी बघून ठेव, म्हणजे कोणी गंडवणार नाही. नुसत्या बघायच्या, उघडायचं काही नाही. एक, पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं, ते ओलं आहे का. दोन, इंजिन बंद असताना पंपाची पुली, म्हणजे पट्टा जातो ते चाक, दोन्ही हातांनी धरून पुढेमागे हलव. हलता कामा नये. तीन, रेडिएटरची पाण्याची टाकी भरून इंजिन चालू कर आणि सुई मध्याच्या वर सरकू लागली की रेडिएटरला जाणारा वरचा होस पाइप जपून चाचपून बघ, गरम झालाय का. सुई तांबड्याकडे निघाली तर लगेच बंद कर. आणि पंख्यापासून पदर लांब ठेव.

फक्त निदान. हात लावायचा नाही.

दादा

१३ मार्च

प्रिय दादा,

भोक ओलं आहे. चांगलं टपटपतंय. पुली पडायला आलेल्या दातासारखी हलते, हलवायचा मोह आवरत नाही. आणि वरचा होस! सुई वर निघाली तरी पाइप थंडगार. ग्रंथपालांना हात लावायला सांगितलं, तर आधी खिशातून हातमोजा काढला.

म्हणजे थर्मोस्टॅटही गेला ना? गरम झाल्यावर जे दार उघडायला हवं, ते बंदच राहतंय, बरोबर? एकाच्या जागी दोन दुखणी निघाली.

हात लावायचा नाही म्हणालास, म्हणून सध्या लावलेला नाही. पण नवा पंप आणि नवा थर्मोस्टॅट आणून ठेवलाय. कालपासून दोन्ही शिवणयंत्रावर बसून माझ्याकडे बघताहेत. आता तू लिहिलंस तर तुझ्या पद्धतीने होईल, नाही लिहिलंस तर माझ्या.

भिंगरी

१८ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझी पद्धत मला माहितेय. शेजारच्यांचं घड्याळ उघडून त्यातून पाच चाकं जास्तीची काढली होतीस. त्यापेक्षा मीच लिहितो.

इंजिन पूर्ण थंड हवं. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. माझ्या मनगटावरचा डाग तू पाहिलायस. बॅटरीची ऋण तार काढ. खाली टब ठेवून सगळं कूलंट, म्हणजे ते हिरवं पाणी, काढून घे आणि टब झाकून ठेव. ते गोड लागतं पण विष असतं, मांजर चाटेल.

पुलीचे बोल्ट पट्टा चढवलेला असतानाच सैल कर. पट्टा काढलास की पुली फिरत राहते आणि मग पाना धरून गरबा खेळल्यासारखं होतं. पंपाचे सहा बोल्ट, लांबी सारखी नसते. पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढ आणि निघेल तो बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेव. एखादा हट्टाला पेटला तर त्याच्याशी भांडू नकोस. तेल पाज, दोन हलक्या टिचक्या मार आणि जेवून ये. माणसांचंही तसंच असतं म्हणा.

इंजिनावर पंप टेकतो ती जागा खरवडून स्वच्छ कर, पण ओरखडा काढू नकोस. मग नवं गॅस्केट (सांध्यातून गळू नये म्हणून मधे घालतात तो कागद), मग पंप. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळ, एकच पूर्ण आवळून पुढे जाऊ नकोस.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात उकळून बघ. दोऱ्याने लोंबकळत ठेव, तळाला टेकता कामा नये. त्याच्यावर आकडा कोरलेला असतो, तेवढ्या उष्णतेला तो उघडायला हवा. बसवताना स्प्रिंग रेडिएटरकडे. त्याच्या चकतीतलं बारीक भोक वरच्या अंगाला. शेवटी कूलंट भर, हीटर पूर्ण चालू ठेव आणि झाकण उघडं ठेवून इंजिन चालव, बुडबुडे थांबेपर्यंत. आतली हवा निघाली नाही तर सगळी मेहनत पाण्यात.

डोळे मिटले की अख्खं इंजिन समोर येतं. सूनबाईच्या सामानाच्या यादीमागे मी पंपाची चार चित्रं काढली. ती त्याच यादीवर दुकानात गेली, आणि दुकानदार म्हणाला, हा माल आमच्याकडे नाही.

सावकाश कर.

दादा

२४ मार्च

प्रिय दादा,

झालं! शनिवारी सकाळी नऊला सुरुवात केली, रविवारी दुपारी चारला संपलं. दोन बोटांची सालं निघाली, म्हणजे काम रीतसर झालं.

ग्रंथपालांनी त्यांच्या जुन्या ग्रंथालयातून गाडीचं माहितीपुस्तक पैदा केलं. खुर्ची टाकून, चष्मा पुसून, ते एकेक कलम मोठ्याने वाचत होते. “कलम सात. यानंतर पंखा काढावा.” मी म्हणायचे, “काढला.” ते म्हणायचे, “थांब, मी अजून ‘काढावा’च्या आधी आहे.”

पाच बोल्ट निमूट आले. सहाव्याला तू म्हणालास तसं तेल पाजलं, टिचक्या मारल्या, जेवून आले. आल्यावर असा सुटला की जसं काही झालंच नव्हतं.

मग गोंधळ. पंपासोबतचं कागदी गॅस्केट सापडेना. सगळं अंगण पालथं घातलं. अखेर ते माहितीपुस्तकातच निघालं, पान अठ्ठ्याऐंशीवर. यांनी खूण म्हणून घातलं होतं, आणि पुस्तक मिटताना नेमकं फाटलं. तेव्हा मी यांना जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पण गॅस्केट म्हणजे शेवटी काय, एक बेतणीच ना! दुकानातून गॅस्केटचा कागद आणला, पंपाच्या तोंडाला तेलाचं बोट फिरवलं आणि कागदावर दाबलं. ठसा उमटला, तो कॉलर कापावी तसा कापला. बोल्टची भोकं बटणाच्या भोकांच्या पंचने पाडली. एक थेंब गळत नाही.

थर्मोस्टॅट पातेल्यात शिवणाच्या दोऱ्याने टांगला. जॅम करायच्या थर्मामीटरवर ब्याऐंशी आले आणि त्याने हळूच तोंड उघडलं. मी टाळ्या वाजवल्या. मग तू सांगितलंस तस्साच बसवला. सुई आता बरोब्बर मध्यावर थांबते आणि वरचा होस चांगला गरम होतो. पुलावरून दोनदा जाऊन आले. दुसऱ्यांदा मुद्दाम त्या मेकॅनिकच्या दारावरून.

तुझी
भिंगरी

२४ मार्च

प्रिय सूनबाई,

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय. दादाला दाखवू नकोस.

दादाने पानभर सूचना लिहिल्या, त्यातली एक उलटी निघाली. थर्मोस्टॅटची स्प्रिंग रेडिएटरकडे ठेव म्हणाला. ग्रंथपालांच्या पुस्तकात साफ लिहिलंय, स्प्रिंग इंजिनाकडे. तसा बसवला नसता तर इंजिन पुन्हा उकळलं असतं. मी त्याला खोटंच लिहिलं, की तू सांगितलंस तस्साच बसवला.

चूक कोणाकडूनही होते. पण दादाकडून, आणि या कामात? तो झोपेतही हे चुकणार नाही. खरं सांग, तो बरा आहे ना?

तुझी
आत्या

२८ मार्च

ती. आत्यांना नमस्कार.

तुमचं पत्र आलं. आता काय झालं ते ऐका.

परवा दुपारी मी ऑफिसात होते. आमच्या इमारतीखाली औषधाचं दुकान आहे, त्या दुकानदाराचा मला फोन, “तुमचे सासरे आलेत. दोन पायांत दोन वेगळ्या चपला आहेत आणि मला फोन लावून द्या म्हणताहेत.” मी दोनदा विचारलं, नक्की आमचेच ना? कारण बाबा पाच महिन्यांत एकदाही खाली उतरलेले नाहीत. जिने दुखतात म्हणायचे, पण कारण ते नाही. दिवाळखोरासारखे खिडकीशी बसून राहायचे. का, ते त्यांनाच सांगू दे. त्यांच्या डोक्यात बसलं होतं की आपली आठवण चालली, आता आपल्यावर भरवसा ठेवू नये.

तुमची पत्रं यायला लागली तशी टेबलावर कागद दिसायला लागले. आणि परवा चहा पिता पिता त्यांना आपलीच चूक सापडली! कोणी न सांगता. घरात फोन एकच, माझा, तो माझ्याबरोबर ऑफिसात; म्हणून चार मजले उतरून गेले. दुकानदार सांगत होता, भरल्या दुकानात पाच मिनिटं ओरडत होते, “उलटा बसव! स्प्रिंग इंजिनाकडे!” खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या बाई घाबरून तशाच परत गेल्या.

मी घरी आले तर चिडलेले, थकलेले, पण आत्या, चेहरा कित्येक महिन्यांनी जिवंत होता. चारी मजले पुन्हा चढून आले होते आणि जिन्यातला दिवा गेलाय म्हणून कुरकुरत होते.

तुमचं पत्र पिठाच्या डब्याखाली लपवलंय.

तुमची
सूनबाई

३० मार्च

प्रिय खोटारडी भिंगरी,

‘तस्साच बसवला’ काय? तसा बसवला असतास तर पुलापर्यंतही पोचली नसतीस. २४ तारखेलाच सुई मध्यावर होती, माझा फोन २६ चा. म्हणजे तुला आधीच कळलं होतं आणि म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून तू गप्प बसलीस. शिवाय सूनबाई पीठ चाळताना चोरासारखी वागते. डब्याखाली काय आहे ते मी वाचलं.

तुला कळलंच आहे तर उरलेलं सांगतो. ऑक्टोबरात मुलाच्या मित्राच्या गाडीचं चाक मी बदलून दिलं आणि नट आवळायला विसरलो. नुसते हाताने फिरवून ठेवले होते. पहिल्या वळणावर खडखड झाली, त्याने गाडी थांबवली, कोणाला काही झालं नाही. तो हसला. मला हसू आलं नाही. गाडीत मागे त्याची मुलगी बसलेली होती. त्या दिवशी ठरवलं, आता कशाला हात लावायचा नाही. तुझ्या पत्राला ‘नको’ लिहिलं ते तुझ्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं.

स्प्रिंगची चूक सापडली तेव्हा आधी वाटलं, झालं, आता सगळंच गेलं. जिना उतरताना मात्र दुसरंच सुचलं. चूक झाली ही एक गोष्ट, ती माझी मला सापडली ही दुसरी. दुसरी मी पाच महिने हिशेबात धरतच नव्हतो.

आणखी एक आहे. हे चव्वेचाळीस वर्षं पोटात ठेवलंय.

तुला गॅरेजमध्ये येऊ नकोस असं अण्णा कधीच म्हणाले नव्हते. त्या आठवड्यात तू एका गाडीच्या इंजिनावर नुसता तळवा ठेवून सांगितलंस, तिसरा सिलिंडर चुकतोय. मी दोन दिवस शोधत होतो. अण्णा गिऱ्हाइकासमोर म्हणाले, “हिचा हात हलका आहे. याचा जड.” मी बावीस वर्षांचा होतो, भिंगरी. दुसऱ्या दिवशी तुला खोटा निरोप दिला, आणि अण्णांना सांगितलं, तिला कंटाळा आलाय, ती शिवणाच्या क्लासला जाणार म्हणते. अण्णा महिनाभर दाराकडे बघायचे. विचारलं मात्र नाही कोणी कोणाला.

रागव. पण उत्तर लिही.

दादा

६ एप्रिल

दादा,

उत्तर द्यायला तीन दिवस लागले, कारण पहिली तीन पत्रं फाडली. पहिल्यात तुला शिव्या होत्या. दुसऱ्यात आणखी शिव्या होत्या. तिसऱ्यात मी स्वतःला सांगत होते की काही बिघडलं नाही, पण तेही खरं नव्हतं. बिघडलं. मी अण्णांवर रुसले होते, दादा. ते गेले तोपर्यंत मनात एक आढी होती, आणि त्यांची काही चूकच नव्हती. याचं मला फार वाईट वाटलं. एक दिवस शिवणयंत्रच उघडलं नाही.

मग ग्रंथपाल म्हणाले (पुस्तक न बघता, स्वतःच्या मनाने), “हात हलका आहे असं वडील म्हणाले होते, हे तुला आज कळलं. उशिरा आलं, पण आलं ना?” हा माणूस वर्षातून एकदा असं काहीतरी बोलतो आणि पुढचं वर्षभर त्यावर खातो.

तर मी रागावले आहे. पण शिवणाचा धंदा मला मनापासून आवडतो, तो मी कोणाच्या निरोपासाठी आता नावडता करणार नाही. आणि तू ते लिहिलंस, डब्याखाली ठेवलं नाहीस.

तुझ्या फोनचं सांगायचं राहिलं. फोन यांनी उचलला. तू ओरडत होतास, “स्प्रिंग इंजिनाकडे!” हे ओरडत होते, “हो, तशीच आहे!” तुला ऐकू येईना, म्हणून तू पुन्हा ओरडायचास. असं सात वेळा झालं. शेवटी तू “कोणी बोलत नाहीये” म्हणून ठेवून दिलास. शेजारीण विचारायला आली, भांडण कोणाशी?

बारा तारखेला येतेय. गाडीनेच. सहा तास. मधे थांबून दर तासाला सुई बघेन. तू खाली उतरून उभा राहा, मी चार मजले चढून तुझी समजूत काढणार नाही.

भिंगरी

२१ एप्रिल

प्रिय भिंगरी,

तू घरी पोचल्याचं ग्रंथपालांचं पत्र मिळालं. तीन ओळी आणि खाली सही, जसं काही पुस्तक परत केल्याची नोंद.

तू इथे होतीस तेव्हा चार लोकांत बोलता आलं नाही, म्हणून आता लिहितो. तू बॉनेट उघडलंस आणि मी लांब दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावली, तेव्हा तू विचारलंस, “काय ऐकू येतंय?” मी “ठीक आहे” म्हणालो. नुसतं ठीक नव्हतं. बेअरिंग लोण्यासारखं फिरत होतं आणि त्याची गुणगुण हाडातून सरळ आत येत होती. मला घरात माणसं बोललेली ऐकू येत नाहीत, आणि हे लख्ख ऐकू येत होतं. म्हणून मी तिथून हललो नाही. तुला वाटलं, चूक शोधतोय.

चूक शोधलीही. सापडली नाही. गॅस्केटची कड बाहेरून दिसते तेवढी बघितली. चाळीस वर्षांत इतकी सरळ कापलेली पाहिली नाही. मी कापायचो ती उंदराने कुरतडल्यासारखी असायची.

इथली बातमी अशी. मी रोज खाली जातो. मुलाच्या त्या मित्राला बोलावलं, त्याच्या गाडीची चारही चाकं तपासली. प्रत्येक नट आवळून झाला की खडूने खूण करतो आणि सूनबाई मागून दुसरी खूण करते. एकट्याच्या आठवणीवर काम ठेवायचं नाही, हा आता नियम. थर्मोस्टॅट बसवताना तू पुस्तक उघडून ठेवलं होतंस, ते बरं केलंस.

दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी तुला बॉनेटमध्ये डोकं घातलेलं पाहिलं होतं. काल त्यांच्या गाडीखालीही हिरवं थारोळं निघालं. मी वाकून बघितलं, भोक ओलं, पुली हलतेय. म्हटलं, पंप बदलावा लागेल. त्या म्हणाल्या, “तुम्ही करून द्याल?”

मी म्हटलं, “मी सांगायचं काम करतो. पाना माझी बहीण धरते. हात तिचा आहे.”

त्या म्हणाल्या, “मग त्या कधी येतील?”

मी म्हटलं, विचारून सांगतो. तर कळव.

दादा